पापण्या झडायचे दिवस

धानोरा
श्रावण वद्य पंचमी, सन १९४३

सासूबाईंस,

‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना, म्हणून ते सोडून दिलं. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तुमचे चिरंजीवच वाचून दाखवणार. त्यांना सांगा, मधलं काही गाळायचं नाही. मी चार इयत्ता शिकलेली आहे. काय गाळलं ते मला तुमच्या उत्तरावरून कळेल.

तर ऐका. माझ्या पापण्या आल्या. दोन्ही डोळ्यांच्या आल्या, वरच्याही आणि खालच्याही. ज्येष्ठात पहिल्यांदा डोळ्याच्या काठाला टोचायला लागलं. मला वाटलं, कुसळ गेलं. आईने पापणी उलटून पाहिली आणि म्हणाली, “कुसळ नही व, नवा केस उनात.” आषाढात बोटाला खरखर लागायची. आता पाऊस चांगला लागलाय, हवा थंड झालीय, आणि काजळ घालताना बोट केसांना अडतं. ज्यांच्यापायी तुम्ही मला घराबाहेर काढलंत त्या परत आल्या, हे कळवायला पत्र लिहिलं.

चैत्रातली ती सकाळ तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले. तुमच्या दारात मिरच्यांची पथारी पडलेली, मी माघापासून तिच्यातच बसलेली. देठं मोडायची मी, वाळवायच्या मी, कांडायच्या मी. उन्हाचा वारा सुटला की ती लाल धूळ डोळ्यात जायची, आणि हात तर मिरचीचेच, त्यांनीच डोळा चोळायचा. पापण्या सुजायच्या, सकाळी चिकटलेल्या असायच्या, आणि तोंड धुताना ओंजळीत केस दिसायचे. असं दर साली व्हायचं. दर साली पावसाळ्यात परत यायच्या. तुम्ही कधी पाहिलंच नव्हतं, कारण सुनेच्या तोंडाकडे बघायची तुम्हाला सवय नाही.

त्या दिवशी मात्र पाहिलंत. हनुवटी धरून माझं तोंड उन्हाकडे फिरवलंत आणि शेजारच्या बायांना हाक मारलीत. “हाई दखा व, पापन्याच नही शेतस.” मग तो शब्द काढलात. महारोग. गावाबाहेर झोपडीत राहणाऱ्या त्या माणसाच्या भुवया आणि पापण्या झडल्या होत्या, म्हणून माझंही तेच. दुसऱ्या दिवशी माझी ताटली गेली, पत्रावळ आली. पाणी वरून ओतायला लागलात. माझी चार वर्षांची जमनी माझ्याकडे धावली की तिला कमरेला धरून उचलून न्यायचात.

आणि अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, जवळ आली तेव्हा किती गोड बोललात! आखाजीला लेकी माहेरी जातातच, तूही जा. पोरीला उन्हाचं नको नेऊ. सण झाला की मुराळी पाठवतो तुला आणायला. आखाजी झाली, गौराई बोळवली, झोके सोडले, सगळ्यांच्या पोरी आपापल्या मुराळ्याबरोबर सासरी गेल्या. मी एकटी राहिले. गल्लीतल्या बाया रोज विचारायच्या, “तुन्हा मुराळी नही उना का अजून?” त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा आता.

मुराळी पाठवायचा नसेल तर नका पाठवू. जमनीला पाठवा. ती मला हवी आहे.

जसोदा

---

धानोरा
आश्विन वद्य द्वितीया, १९४३

सासूबाईंस,

तुमचं उत्तर मिळालं. दोनच ओळी. “पापण्या आल्या तरी रोग जात नसतो. पोरीची आशा सोडून दे.” अक्षर तुमच्या चिरंजिवांचं आहे, शेवटच्या शब्दावर शाई पसरलीय. तिथे थांबले होते वाटतं. थांबून लिहिलंच ना पण!

शिवाय कानावर आलं की शहाद्याकडे मुलगी बघून आलात. माझ्या जागेवर. माझ्या चुलीवर. बरं झालं, कळलं तरी.

मी चिंचपाड्याला जाऊन आले. माझा भाऊ चुनीलाल बरोबर होता. तिथे मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत, महारोगाचे पेशंट त्यांनी ढिगाने पाहिलेत. मी दारातून दोनदा मागे फिरले, हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही. तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की मलाही वाटायला लागलं होतं, खरंच असेल. घरी मी आईच्या ताटाला हात लावत नव्हते. आई ओढून बसवायची तरी लांब सरकायचे.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि पिसाने हात, पाय, गाल, कान, सगळीकडे हळूच टेकवलं. कुठं लागलं? मी दर वेळी बरोबर बोट ठेवलं. अंगावर कुठे सुन्न डाग नाही. मग पापण्यांचं विचारलं. ते म्हणाले, पापणीचा केस काही जन्मभराचा नसतो. काही महिने राहतो, पिकल्यासारखा गळतो, त्याच्या जागी दुसरा येतो. एरवी एखाददुसरा गळतो म्हणून कळत नाही. उन्हाळ्यात वारा, धूळ, घाम, त्यात मिरची आणि चोळाचोळ, डोळ्याचा काठ सुजतो आणि पुष्कळ एकदम जातात. मूळ शाबूत असतं, हवा निवली की फुटतात. महारोगात गेलेल्या अशा दर पावसाळ्यात परत येत नाहीत. “मिरचीचा हात डोळ्याला लावू नका आणि कांडताना डोळ्यावर फडकं घ्या,” एवढंच औषध सांगितलं.

बाहेर आल्यावर चुनीलालने मला भजी घेऊन दिली, मी त्याच्या पुड्यातली खाल्ली. चैत्रानंतर पहिल्यांदा कुणाच्या तरी बरोबरीने खाल्लं. तुम्हाला यातलं काय कळणार म्हणा.

आता तरी जमनीला पाठवा. खोटं निघालं आहे तुमचं.

जसोदा

---

धानोरा
माघ शुद्ध दशमी, १९४४

सासूबाईंस,

दिवाळी गेली, संक्रांत गेली. उत्तर नाही. जमनीला थंडीत कोण पांघरूण घालतं, ते कुणी सांगत नाही. ती झोपेत पांघरूण लाथाडते, पुन्हा पुन्हा उठून घालावं लागतं. तुम्ही एकदा झोपलात की मेल्यासारख्या झोपता, मला माहीत आहे.

बरं, विनवणी पुरे झाली. आता दुसरं बोलू.

आपलं साटंलोटं आहे, हे विसरलात का? मला तुमच्या घरात दिली आणि तुमची रमिला माझ्या भावाला, चुनीलालला, करून घेतली. एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली. भावकीत सगळ्यांना ठाऊक आहे की अशा सोयरिकीत एकीचं जे होतं तेच दुसरीचं होतं. तुम्ही आमची टाकली, आम्ही तुमची टाकायची. माझे वडील आखाजीपासून हेच म्हणताहेत. आजवर आडवी कोण आली ते सांगू? मी आले. रमिलाने माझं काही वाकडं केलेलं नाही. मी इथे आले तेव्हा तिनेच स्वतःच्या ताटात मला ओढून बसवायचा प्रयत्न केला. तुमच्या पोटी अशी पोरगी कशी जन्मली, कोण जाणे.

ती आत्ता माझ्यासमोर बसलीय. पथारीच्या त्या टोकाला ती, या टोकाला मी. दोघी देठं मोडतोय. मी डोक्याचं फडकं डोळ्यांपर्यंत ओढून बसते, डॉक्टरांनी सांगितल्यासारखं. तिला मी तसं काही सांगितलेलं नाही. तिच्या पापण्या लांब आहेत, गालावर सावली पडते. फाल्गुन लागू द्या. वारा सुटू द्या. मग बघू तुमच्या नियमाचं काय होतं ते.

मला दुष्ट म्हणा. म्हणाच. तुमच्याकडेच शिकले.

जसोदा

---

धानोरा
फाल्गुन वद्य नवमी, १९४४

दगूबाईंस,

तुमच्या रमिलाच्या पापण्या गेल्या. डाव्या डोळ्याची एकही राहिली नाही, उजव्या डोळ्याच्या कडेला थोड्या आहेत.

तुमच्याच म्हणण्याप्रमाणे हा महारोग आहे. आम्ही तो घरात ठेवू शकत नाही. आखाजीला तिला तुमच्याकडे पोचती करतो. सण झाल्यावर मुराळी येणार नाही.

जमनी इकडे आली तर येईल.

जसोदा

---

धानोरा
वैशाख वद्य चतुर्थी, १९४४

दगूबाईंस,

आखाजीच्या दिवशी तुमच्या ओट्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पण भावकीत आता जो तो आपापलं सांगत सुटलाय, म्हणून मी एकदा लिहून काढते. रमिलाने आणि चुनीलालने सांगितलं तसंच लिहिते. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचावं. शेजारी ऐकले तर ऐकू देत.

चुनीलालने गाडी तुमच्या दारात उभी केली. सणाचा दिवस, ओट्यावर भावकीचे चार म्हातारे बसलेले. तो म्हणाला, “रमिलाच्या पापण्या झडल्या. तुमच्याच रिवाजाने परत आणली. सांभाळा.” एवढं बोलून त्याने गाडी वळवली. पाठ केलं होतं मेल्याने, मीच करून घेतलं होतं.

आणि तुम्ही काय केलंत? पत्रावळ शोधलीत? पाणी वरून ओतलंत? शेजारणींना हाक मारलीत? नाही. तुम्ही धावत खाली उतरलात, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलंत, डोळ्यांवरून ओठ फिरवलेत. तुमच्या पेल्यातलं दूध तिला पाजलंत आणि तिने उरवलेलं तुम्ही स्वतः प्यालात. ती रडत म्हणाली, “माय, माले रोग व्हयना.” त्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “येडी शे का तू? चैतमा मिरच्या कांड्या का पापन्या झडतीसच. मन्ह्या बी झडतीस. पानी पडनं का येतीस.”

म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला! दगूबाई, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुमच्या स्वतःच्या झडतात, पाऊस पडला की येतात, हे तुम्ही जन्मभर आरशात बघत आलात. महारोगाला भिणारी बाई उष्टं दूध पीत नाही.

ओट्यावरचे एक आजोबा म्हणाले, “मंग सूनले काबर काढी दिधी?” तुमचे चिरंजीव खांबाला टेकून उभे होते म्हणे, जमिनीकडे बघत. मी सांगते काय कारण होतं ते. जमनीनंतर मला मूल राहिलं नाही. तुम्हाला नातू हवा होता, त्याच्यासाठी नवी सून हवी होती. तसं सरळ सांगायचं होतं! मी भांडले असते, रडले असते, कदाचित सवत म्हणून नांदलेही असते, असल्या बाया काय कमी आहेत? पण माझ्या अंगाला महारोग चिकटवलात. मला आईच्या ताटाची भीती वाटेल असं केलंत. स्वतःच्या लेकराला जवळ घ्यायला मी घाबरले, तुमच्या घरातल्या शेवटच्या दिवसांत मीच जमनीला दूर ढकललं, तिला काही होऊ नये म्हणून. ती माझ्याकडे बघत उभी राहिली होती. ते कशाने भरून देणार आहात?

रमिलाच्या तोंडून हे ऐकताना मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. मी परसात जाऊन रडले. आई आपल्या लेकीला कशी धरते, ते तुम्हाला येतं. मला मात्र तुम्ही धरू दिलं नाहीत, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आणि माझा भाऊ! धाक घालायला पाठवलं होतं याला. हा तुमच्या गावच्या विहिरीपाशी बैल सोडून बसून राहिला. बायकोशिवाय परत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. म्हाताऱ्यांनी बोलावलं तेव्हा हा तिथून पळतच आला म्हणे, आणि रमिलाला गाडीत घालून घरी घेऊन आला. तुमच्या घरात असा एक पुरुष असता तर मला ही पत्रं लिहावी लागली नसती.

शहाद्याच्या लोकांनी सोयरीक मोडली, तेही कळलं. पंचांनी तुम्हाला सांगितलंय की सुनेला मानाने आणा, नाहीतर नात तिच्या हवाली करा. तुमचे चिरंजीव मला न्यायला यायला तयार आहेत, असाही निरोप आला. निरोप देणाऱ्याला मी चहा पाजला आणि परत पाठवला.

मी येणार नाही. जमनीला द्या.

जसोदा

---

धानोरा
ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, १९४४

पितांबर,

नवऱ्याचं नाव घेऊन लिहिते आहे. दचकू नकोस. हे पत्र तुला आहे, तुझ्या आईला वाचून दाखव की चुलीत घाल, तुझी मर्जी.

जमनी पोचली. तू तिला नंदुरबारच्या बाजारात चुनीलालच्या हातात दिलीस आणि घरापर्यंत आला नाहीस. बरं केलंस. आला असतास तर मी काय बोलले असते ते पोरीने ऐकलं असतं.

आता ती माझ्याकडे आहे आणि तुमच्यापैकी कुणी तिला नेऊ शकत नाही, म्हणून एक गोष्ट सांगते. रमिलाच्या पापण्या झडल्या नव्हत्या. यंदा माघात अवकाळी पाऊस आला, आमची निम्मी मिरची पथारीवरच सडली. कांडण झालं ते थोडंच, आणि वाराही उशिरा सुटला. मी रोज सकाळी उठले की तिच्या डोळ्यांकडे बघायचे. होळी झाली तरी तिच्या पापण्या जशाच्या तशा. तिला कळत होतं मी काय बघते. एका दुपारी ती परसातून आली, डोळे लाल, सुजलेले, आणि मूठ माझ्यापुढे उघडली. काटे काढायच्या चिमट्याने एकेक उपटल्या होत्या तिने. म्हणाली, “वयनी, ह्या घे. आते माले माहेरी धाड. मन्ही जमनी आनसू मी.”

मी तिला सांगितलं नव्हतं. पण थांबवलंही नाही. उलट त्याच दिवशी तुझ्या आईला पत्र लिहायला बसले.

तुझी बहीण, पितांबर. तुझ्या लेकीसाठी तिने आपले डोळे सोलून घेतले, आणि तू खांबाला टेकून उभा होतास. वर्षभर तू माझ्या आणि तुझ्या आईच्या मधे बसून नुसती पत्रं वाचलीस आणि लिहिलीस. तुला तर तुझ्या आईच्या पापण्या दर उन्हाळ्यात दिसत होत्या. एकदा तोंड उघडलं असतंस तर!

रमिला बरी आहे. तिच्या डोळ्याच्या काठाला टोचायला लागलंय. पावसाळा सरता सरता येतील म्हणतात, उपटलेल्याला थोडा वेळ जास्त लागतो.

आता जमनीचं. ती गाडीतून उतरली तेव्हा मी दारात उभी होते. तिने मला ओळखलं नाही. मी हात पुढे केले तर चुनीलालच्या धोतरामागे लपली. संध्याकाळी हळूहळू जवळ आली, माझ्या बांगड्या फिरवून बघितल्या आणि विचारलं, “तू कोन शे?” मी म्हटलं, “मी तुन्ही माय.”

ती हसली, पितांबर. मोठ्या माणसाची चूक दुरुस्त करावी तशी हसून म्हणाली, “मन्ही माय तं मरी गई ना.”

“कोनी सांगं तुले?”

“आजीनी. दादानी बी.”

आजीचं मी समजू शकले असते. पण तिचा दादा म्हणजे तिचा बाप, तू सुद्धा सांगितलंस. तू तिला मांडीवर घेऊन सांगितलं असशील, कारण ती रडत असेल आणि तुला ते सोपं वाटलं असेल. मी इथे एका मुराळ्याची वाट बघत होते, आणि तिथे तू मला जाळून, राख सावडून मोकळा झाला होतास.

मी तिला काय सांगितलं, ऐकायचंय? म्हटलं, “हा बेटा, मरी गयथी. आते वापस उनी.” तिने माझ्या गालाला हात लावून पाहिला. मग विचारलं, “भूक लागनी व्हई ना तुले?” आणि स्वतःच्या हाताने भाकरीचा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला.

म्हणून सांगते, आता तुझे निरोप थांबव. न्यायला येतो म्हणून पंचांना सांगू नकोस, तू येऊ नकोस आणि मुराळीही पाठवू नकोस. मेलेल्या बायकोला आणायला कुणी माणूस पाठवत नसतं.

जसोदा